बेअरिंग झिजून मोठं होत नाही, शेठ!

हातात आलेला मोटरसायकलच्या चाकाचा सुटा हब (चाकाचा मधला भाग) ब्रिटिश आहे हे ओळखायला फार वेळ लागला नाही. आऱ्यांची भोकं ४०, एक्सलचे आटे इंचाला २०. इथे आटे तपासायच्या गेजवर विसंबू नका. त्याचं १.२५ एमएमचं मेट्रिक पातं या इंची आट्यांवरही दोन-चार आट्यांपुरतं झकास बसतं. वर्निअरने २० आट्यांचं अंतर घ्या: २५.४ एमएम आलं तर इंची, २५ आलं तर मेट्रिक. आणि ओतकामावरचा आकडा हा बहुधा पार्ट नंबर नसतो, त्यामागे लागू नका.

डोकं खाल्लं ते बेअरिंगने. नंबर गंजात गेलेला. मोजमाप आलं: बाहेरचा व्यास ४७.६, बोअर (आतल्या भोकाचा व्यास) १९.०५, जाडी १४.३ एमएम. दुकानात शेठने बोटांत फिरवून सांगितलं, "६२०४ आहे. जुनं झिजलंय, म्हणून माप चुकतंय." दुसऱ्या दुकानातही तेच, तिसऱ्यातही.

६२०४ म्हणजे बोअर २०, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४ एमएम. आता बघा, बेअरिंग झिजलं तर बाहेरचा व्यास कमी होईल आणि बोअर वाढेल. इथे व्यास जास्त आणि बोअर कमी! दोन्ही फरक झिजेच्या उलट दिशेला. म्हणजे हे मेट्रिक नाहीच. ३/४ बाय १ ७/८ बाय ९/१६ इंच; कोड आरएलएस ६, किंवा जुना एलजे ३/४.

६२०४ हबमध्ये टाकलं तर बाहेर ०.६ आणि एक्सलवर ०.९५ एमएम ढिलं. त्यावर शेठचा उपाय, हबला आतून पंचाचे ठिपके मारा. ठिपके थोड्याच दिवसांत चेपतात, बाहेरची रिंग हबमध्ये फिरू लागते आणि हबच खाते. बुश, म्हणजे फट भरणारी नळी म्हणाल तर आतल्या बुशची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, ती काय टिकणार? शेवटी वर्णन सोडलं, चिठ्ठीवर नुसता कोड लिहून दिला, तेव्हा मागवून मिळालं.

मापं घेताना एक्सल मोजा तो बेअरिंग न बसलेल्या जागी, तिथे मूळ माप शाबूत असतं. नंबरसाठी बेअरिंगची आतली बाजूही बघा. रॉकेलने पुसून खडू घासला तर पुसट अक्षरं उठतात.

हे आधी सांगायला हवं होतं: बेअरिंगला हबमध्ये धरून ठेवणारी, भोकं असलेली लॉक रिंग बऱ्याच ब्रिटिश हबना उलट्या आट्यांची असते. छिन्नी लावण्याआधी वळण बघा, नाहीतर ठोकून ठोकून आवळत बसाल.

नवं बसवताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगवर. दोन्ही बाजूंनी सीलबंद मिळालं तर आतल्या बाजूचं सील काढून टाका, नाहीतर हबच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) मारलेलं ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचत नाही.