तुम्ही विचारलंत म्हणून: विल्किन्सनच का?

रग्बीचा विषय निघाला की ठरलेला प्रश्न येतो, आवडता प्लेयर कोण, आणि मी जॉनी विल्किन्सन म्हटलं की समोरचा लगेच, अरे तो एका किकवाला ना? हो, तोच. 2003 ची वर्ल्ड कप फायनल, सिडनी, समोर ऑस्ट्रेलिया, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, स्कोअर 17-17, आणि या डावखुऱ्या पठ्ठ्याने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला. म्हणजे हातातला बॉल जमिनीवर सोडायचा आणि टप्पा पडल्या पडल्या दोन खांबांमधून वर काढायचा, तेही अंगावर माणसं धावून येत असताना. तीन पॉइंट, इंग्लंड चॅम्पियन. पोरगा 24 वर्षांचा होता.

पण मला आवडतो तो त्यानंतरचा विल्किन्सन. कारण पुढे दुखापतींचं असं काही शुक्लकाष्ठ मागे लागलं की विचारू नका. मान, दंड, गुडघा, किडनीसुद्धा! इंग्लंडकडून पुढची मॅच खेळला ती थेट फेब्रुवारी 2007 मध्ये, ट्विकेनहॅमला स्कॉटलंडविरुद्ध, आणि आल्या आल्या 27 पॉइंट. यात थोडा त्याचाही हट्ट होता म्हणा. दहा नंबरची जर्सी म्हणजे फ्लाय-हाफ, टीमचं डोकं, त्याला जपायचं असतं, पण हा बाबा स्वतःहून शंभर-सव्वाशे किलोच्या धुडांना जाऊन भिडायचा.

किकचं वेड तर वेगळंच. गोलच्या मागे स्टँडमध्ये डोरिस नावाची एक बाई बसलीये अशी कल्पना करायचा आणि बॉल खांबांमधून नाही तर तिच्यापर्यंत जायला पाहिजे म्हणून मारायचा (डोरिसबाईंना कोणी विचारलं नव्हतं हा भाग वेगळा). मनासारखी किक बसेपर्यंत प्रॅक्टिस थांबायची नाही. या परफेक्शनने डोकं किती पोखरलं, भीती आणि नैराश्य किती होतं, हे नंतर तो स्वतःच मोकळेपणाने बोललाय.

2009 ला तो फ्रान्समध्ये टूलाँला गेला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता संपला, पेन्शन घ्यायला चाललाय. तिथे हा फ्रेंच शिकला, मुलाखती फ्रेंचमध्ये द्यायला लागला, आणि 2013 आणि 2014 असे लागोपाठ दोन हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकले. शेवटची मॅच 31 मे 2014, फ्रेंच लीगची फायनल, कास्त्रला 18-10 ने हरवलं, त्यातले 15 पॉइंट याचे. आणि टूलाँच्या पब्लिकने त्याच्यासाठी चक्क इंग्लंडचं राष्ट्रगीत म्हटलं. फ्रेंच लोकांनी! इंग्रजांसाठी!

आता न्यूझीलंडचा डॅन कार्टर त्याच्यापेक्षा भारी दहा नंबर होता असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही, मलाही तसंच वाटतं. पण तुम्ही बेस्ट कोण हे विचारलंच नव्हतं, आवडता कोण ते विचारलं होतं.