दार पहाटे पाचपर्यंत बंद

मुलगी बारावीत होती तेव्हा, 2019 साली, प्रॉमवरून, म्हणजे बारावीच्या शेवटी शाळेकडून होणाऱ्या नाचाच्या पार्टीवरून, आमच्या घरात दहा दिवस अबोला होता. भांडण खरं तर प्रॉमचं नव्हतंच. प्रॉम शाळेच्या देखरेखीत होतो, शिक्षक हजर असतात, एकदा हॉलबाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. भांडण होतं त्यानंतरच्या दोन दिवसांचं. न्यू जर्सीत प्रॉम झाला की बरीच मुलं समुद्रकिनारी घर भाड्यानं घेऊन शनिवार-रविवार तिथे काढतात. घरात मोठं माणूस नाही, आणि फ्रिजमध्ये काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही नाही म्हणालो. ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का?" विश्वास होता. पण "त्याऐवजी हे कर" असं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

ग्रॅज्युएशनच्या रात्री मात्र होतं. समारंभ संपला की गाऊन उतरवून मुलं थेट बसमध्ये बसतात, कुठे जायचं ते त्यांना सांगत नाहीत, आणि पहाटे पाचला शाळेच्या आवारात परत आणून सोडतात. रात्रभर खेळ, जेवण, नाच, बक्षिसं. दारू नाही, सिगारेट नाही, व्हेप नाही. याला प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन म्हणतात. लेक पहाटे आली ती घसा बसलेली आणि खूश. घरातला अबोला त्या दिवशी संपला. मी मनात ठरवलं, धाकट्याची वेळ येईल तेव्हा या कामात आपण असायचं.

कामात पडल्यावर कळलं की ही कल्पना मेन राज्यातल्या ऑक्सफर्ड हिल्स भागातली. तिथे 1979 च्या ग्रॅज्युएशनच्या दिवसांत दारू आणि नशेपायी तरुण मुलं गेली. पुढच्या वर्षी, 1980 मध्ये, गावानं मुलांसाठी रात्रभराचा नशामुक्त सोहळा केला. अमेरिकेभर दारूचं वय एकवीस करायला लावणारा कायदा 1984 चा, म्हणजे त्याच्याही नंतरचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कायद्याची वाट न बघता एका गावातले लोक रात्रभर जागे राहिले.

आमच्याकडची पद्धत अशी: पैसे बारावीच्या पालकांनी जमवायचे आणि त्या रात्रीची ड्यूटी अकरावीच्या पालकांनी करायची, म्हणजे बारावीच्या आईवडिलांना समारंभ शांतपणे बघता येतो. मुलगा अकरावीत असताना, जून 2023 ला, माझी ड्यूटी दारावर लागली. बसमध्ये चढताना प्रत्येकाची बॅग तपासायची, पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायच्या, डोकी मोजायची. आत गेलेल्या कुणालाही मध्येच जायचं असेल तर आधी घरी फोन, पालक येऊन घेऊन जाणार, आणि परत प्रवेश नाही.

रात्री अडीचच्या सुमाराला एक मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आपल्याकडचाच, देशी. हातातला फोन सारखा वाजत होता. त्याचे मित्र बसमध्ये आलेच नव्हते, कुणाच्या तरी तळघरात जमले होते आणि याला बोलवत होते.

"आंटी, मी जातो म्हणालो तर तुम्ही घरी फोन करणार?"

"करणार."

"नक्की ना? बाबांनाच?"

"बाबांनाच. ते येईपर्यंत तू इथेच बसणार."

त्यानं मान हलवली आणि माझ्यासमोरच टाइप केलं: दार बंद आहे, घरी फोन करतात, जमणार नाही. मग फोन खिशात टाकून परत बास्केटबॉलकडे पळाला. त्याला जायचं नव्हतं. नाही म्हणायला एक कारण हवं होतं, आणि ते त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्या रात्रीपासून दाराचा नियम कडक का असावा याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

पुढचं वर्ष पैशांचं. त्याची धडपड खरी सांगते. हॉल, बसेस, जेवण, सगळं विकतचं, आणि तिकीट कुणालाही जड जाता कामा नये. ज्यांना परवडत नाही त्यांचं समितीनं गुपचूप भरायचं. आम्ही अंगणात लावायच्या अभिनंदनाच्या पाट्या विकल्या, गाड्या धुतल्या. म्युनिसिपल अलायन्सकडे, म्हणजे व्यसन रोखण्यासाठी काम करणाऱ्या गावातल्या समितीकडे, अर्ज केला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांकडून राज्य जो दंड घेतं, त्यातून गावोगावच्या या अलायन्सना पैसे मिळतात. त्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मोठी कमाई मात्र ट्रिकी ट्रेची. न्यू जर्सीबाहेर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. टेबलांवर बास्केटं मांडायची, प्रत्येकीपुढे एक कागदी पिशवी, लोकांनी तिकिटं विकत घेऊन हव्या त्या पिशवीत टाकायची, शेवटी सोडत. कायद्यानं ही रॅफल, म्हणून परवाना लागतो. आधी राज्याच्या आयोगाकडे संस्थेची नोंदणी, मग नगरपालिकेच्या क्लार्ककडे अर्ज, मग कौन्सिलच्या बैठकीत ठराव. आमचा अर्ज एका सहीसाठी परत आला आणि पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी हॉलची तारीख ठरवण्याआधी परवान्याला हात घालावा, एवढं कळकळीनं सांगते.

बास्केटं मागायला मी मराठी मंडळात उभी राहिले. पहिलं उत्तर अपेक्षित होतं: "अगं, आपली मुलं पीत नाहीत." मी म्हटलं, पीत नसतील, पण ज्याच्या गाडीत बसून घरी येतील तो पितो का, ते माहीत आहे? मग चर्चा बदलली. एका ताईंनी अशा घरांबद्दल विचारलं, जिथे पालक म्हणतात आमच्या डोळ्यांसमोर प्या, किल्ल्या आमच्याकडे द्या. मी त्यांना सांगितलं की दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला आपल्या घरात दारू देणं इथे गुन्हा आहे. हे त्यांना ठाऊक नव्हतं, बऱ्याच जणींना नव्हतं. त्या महिन्यात मंडळाकडून नऊ बास्केटं आली. एकात पैठणीचा बटवा, चांदीचं निरांजन आणि घरचे बेसनाचे लाडू होते, आणि त्या पिशवीत तिकिटं मावेनात.

दारूपेक्षा आता मला गोळ्यांची भीती जास्त वाटते. औषधाच्या दुकानातल्यासारखी दिसणारी गोळी, आत फेंटानिल, थोडंसंही जीव घेऊ शकेल असं अफूच्या जातीचं रसायन. अशा नशेचा अतिडोस उतरवणारा नार्कनचा नाकात मारायचा स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. आम्ही नर्सच्या पेटीत तो ठेवलाच, शिवाय दारावरच्या चौघांना वापरायला शिकवला. एक बाबा म्हणाले, नशामुक्त सोहळ्यात याची काय गरज? गरज पडू नये, पण पडली तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं कुठून आणणार?

जून 2024 ला मुलगा बसमध्ये चढला आणि मी नियमाप्रमाणे घरी आले. झोप लागली नाही. पहाटे साडेचारलाच आम्ही दोघं शाळेच्या आवारात होतो. रात्रभर जागलेल्या मुलांनी गाडी चालवत घरी जायचं नाही, घरचं कुणीतरी न्यायला यायचं, हाही समितीचा नियम. उजाडायला लागलं होतं. बसेस आल्या. चिरंजीव फुगलेले डोळे आणि कसल्याशा शर्यतीत जिंकलेलं टोस्टर घेऊन उतरले आणि गाडीत बसताक्षणी झोपले.

दारावरची अकरावीची आई कागद घेऊन शेवटच्या बसजवळ उभी होती. शेवटची मुलगी उतरल्यावर तिनं दोनदा बेरीज केली, माझ्याकडे बघितलं आणि लांबूनच ओरडून सांगितलं, दोनशे अठ्ठ्याऐंशी गेले, दोनशे अठ्ठ्याऐंशी आले.