बिल्ड अपडेट: यूपीएस असून रीस्टार्ट, चोर सापडला (बहुतेक)

मंडळी, नव्या पीसीचे पार्ट सगळे बसले, विंडोज चढली, टॅली पळतंय. पण मागच्या वेळी शेवटी लिहिलं होतं ना की लाइट गेली की यूपीएस ओरडतो आणि पीसी तरीही रीस्टार्ट होतो, त्यानेच सगळा वेळ खाल्ला.

आधी लिस्ट, कारण ती परत बदलली. रायझन 5600जी प्रोसेसर कॅन्सल. गेमिंग मला करायचं नाही, जीएसटीचे रिटर्न, जाडजूड एक्सेल आणि क्रोमचे ढीगभर टॅब एवढंच काम, तिथे त्याच्या व्हेगा ग्राफिक्सचा उपयोग नाही आणि तो पीसीआयई 3 (एसएसडी-कार्डची जुनी, हळू लाइन) वरच थांबतो. सिल्व्हर मॉलमधल्या कम्प्युटरच्या दुकानांत फिरून शेवटी इंटेलचा आय5-12400 घेतला, एफ वाला (आत ग्राफिक्स नसलेला) नाही. एफ वाला स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, मग डिस्प्लेसाठी कार्ड वेगळं घ्या, म्हणजे बचत गेली तेल लावत. मदरबोर्ड बी760, डीडीआर4 रॅमवाला, कारण एच610 च्या बहुतेक बोर्डांवर एसएसडीसाठी एम डॉट टू चा एकच स्लॉट असतो. रॅम 8-8 जीबीच्या दोन. 16 ची एकच घेऊन पुढे दुसरी लावू असं ठरवलं होतं, पण भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, "पुढे" वर भरवसा नाही, ड्युअल चॅनल (दोन रॅम जोडीने, वेग जास्त) आत्ताच पदरात पाडून घेतलं. आणि हो, कॅबिनेटचं मागचं झाकण गुडघा न लावता बंद झालं, हे ज्यांनी केबलिंग केलंय त्यांनाच कळेल.

आता मुख्य भानगड. यूपीएस जुनाच, 600 व्हीए म्हणजे 360 वॉटचा. नवीन एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) 550 वॉट ब्रॉन्झ, एपीएफसी (इनपुटच्या वेव्हप्रमाणे करंट ओढणारं सर्किट) वाला. एका दुकानदाराने न बघताच निकाल दिला, "भिया, लोड जादा है, एक केव्हीए ले जाओ". अरे पण लोड कुठाय? वॉटमीटर लावला तर रिकामा बसलेला पीसी पस्तिशीच्या आसपास घेतो, त्याच्यात 360 वाला का मान टाकेल?

म्हणून पीसी बाजूला ठेवून यूपीएसवर जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब लावला आणि प्लग ओढला. बल्ब किंचित लवला आणि चालू राहिला, म्हणजे चेंजओव्हर (लाइटवरून बॅटरीवर जाणं) होतोय. पण बॅटरीवर मल्टीमीटर धरला तर आकडा बघता बघता 10 व्होल्टच्या खाली, म्हणजे बॅटरी गेलेली. 12 व्होल्ट 7 एएच ची नवी बॅटरी टाकली, बॅकअप मस्त वाढला, बल्ब आरामात जळतोय, पीसी लावला, प्लग ओढला… रीस्टार्ट. डोकंच फिरलं.

मग जुन्या पीसीचा एसएमपीएस काढून लावला, त्याच्यात पीएफसी वगैरे काही नाही. सीपीयूचा कनेक्टर 4 पिनचाच, बोर्डावरच्या 8 पिनच्या सॉकेटमधे अर्धाच बसतो, टेस्टपुरतं ठीक, रोज असं चालवू नका. प्लग ओढला, पीसी ढिम्म हलला नाही! म्हणजे यूपीएस आपल्या जागी ठीक, एसएमपीएस आपल्या जागी ठीक, दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

कारण असं की स्वस्तातला यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्ह देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतो, मधे काही क्षण सपाट शून्य आणि मग एकदम उडी. एपीएफसी सर्किट इनपुटच्या वेव्हमागे चालतं, त्या उडीला ते एकदम करंट ओढतं आणि दोघांपैकी एकाचं प्रोटेक्शन पडतं. चेंजओव्हर टाइमला दोष देऊन उपयोग नाही, तो 4 ते 8 मिलिसेकंद, आणि बरा एसएमपीएस फुल लोडवर 16-17 मिलिसेकंद तग धरतो, इथे तर लोडच नाही. सगळेच एपीएफसी असे रुसतात असंही नाही, जोडीजोडीवर आहे. पण वेव्ह तीच असेल तर एक केव्हीए घेऊन काय होणार होतं? साइन वेव्ह यूपीएसचा भाव विचारला तर प्रोसेसरच्या जवळपास. तरी ऑर्डर करायच्या तयारीत आहे, कार्टमधे टाकून ठेवला

(फोनवरून पुढे. लाइट गेली, पीसी बसला, नशीब मजकूर सेव्ह झाला होता.)

ऑर्डर थांबवली. अंधारात बसलो होतो आणि हॉलमधून आईच्या सिरियलचा आवाज चालूच. इन्व्हर्टर! त्याच्यावर चक्क प्युअर साइन वेव्ह लिहिलंय. मागे टॉर्च मारून बघितलं तर इको/यूपीएस चं बटण इकोवर. इकोमधे चेंजओव्हर सावकाश होतो, पंख्याला काय फरक पडतो, पीसीला पडतो. बटण यूपीएसवर केलं, लाइट आल्यावर हॉलच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढून पीसी थेट लावला, मधे यूपीएस नाही, एक्सेल उघडून ठेवली आणि मेन एमसीबी पाडला. कर्सर लुकलुकतोय. परत पाडला. लुकलुकतोय! आई ओरडली की टीव्हीशी काय खेळ चाललाय, पण मी अजून एकदा पाडलाच.

आता अडचण एकच. यूपीएस मोडमधे इनपुट साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज तिथेच घुटमळतं. मे महिन्यात बॅटरीचं काय होतं ते बघावं लागेल. दारातून गेलेल्या एक्स्टेंशनला आई अडखळायच्या आत इलेक्ट्रिशियनकडून माझ्या खोलीत इन्व्हर्टरची लाइन ओढून घेतो. जुना यूपीएस राउटरला. यूपीएसचे वाचलेले पैसे दुसऱ्या मॉनिटरला लावायचा विचार आहे, 24 इंची आयपीएस, कुणी काही सुचवत असेल तर बोला.

आणि साध्या 600 व्हीए वर ज्यांचा एपीएफसी एसएमपीएस गुपचूप चालतोय त्यांनी दोन्हीचे मॉडेल टाका, म्हणजे पुढचा माणूस जोडी बघून घेईल.