वरचा एक रुपया

रविवारी रात्री साडेदहाला आमच्याकडे धुतलेल्या कपड्यांचा ढीग सोफ्यावर असतो, बायको घड्या घालत असते आणि मी एका हातात मोजा धरून दुसऱ्या हाताने फोनवर आकडा बदलत असतो. 48. नको, 51. 53 करू का? परत 51. "मोज्याची जोडी शोधतोयस की किडनी विकतोयस?" असं ती विचारते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा चेहरा तसाच झालेला असतो.

प्रकरण असं की इथे न्यू जर्सीत आमच्या ऑफिसातल्या बारा जणांची फँटसी बेसबॉलची लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावरची टीम करायची आणि ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. मार्चमध्ये लिलाव होतो, प्रत्येकाला 260 खोटे डॉलर आणि त्यात 23 खेळाडू बसवायचे. हिशोबाने माणशी अकरा डॉलर आणि चिल्लर, पण हिशोबाने कोण घेतो, दोन-तीन बड्या धेंडांवर शंभर-सव्वाशे उधळायचे आणि शेवटी एकेक डॉलरवाले गोळा करत बसायचं. आयपीएलचा लिलाव बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. खरी गंमत नंतर चालू होते. कोणाच्याच टीममध्ये नसलेले जे खेळाडू उरतात ते फ्री एजंट, त्यांच्यासाठी वेगळे 100 डॉलर मिळतात, त्याला सगळे 'फॅब' म्हणतात, आणि ते सप्टेंबरअखेरपर्यंत पुरवायचे असतात. एकदा गेले की गेले. बोली बंद पाकिटातली, कोणी किती लावली ते सोमवारी सकाळीच कळतं, आणि दोघांची बोली सारखी निघाली तर आमच्या लीगमध्ये जो खालच्या नंबरवर असेल त्याला खेळाडू मिळतो.

सारखी निघाली तर! इथेच मला आहेराचं पाकीट आठवलं. आपल्याकडे कोणी 50 देत नाही, 51 देतो, 100 नाही, 101. पाकिटाला वर ते नाणं चिकटवलेलंच मिळतं. लहानपणी मला वाटायचं हा एक रुपया कशाला, त्याचं कोणाला काय पडलंय. तर पडलंय! आमच्यातले निम्मे लोक 10, 20, 25, 50 असे गोल आकडे लावतात आणि मी पहिल्या वर्षी 21, 26 लावून एकेका डॉलरने चार चांगले खेळाडू उचलले, ऑफिसात माझ्याकडे लोक जरा आदराने बघायला लागले होते. दुसऱ्या वर्षी सगळेच 21, 26 लावायला लागले. मग मी 22 वर गेलो. आता लीगमध्ये एकही आकडा सरळ येत नाही, 17, 23, 37, सगळे मूळ संख्या शिकल्यासारखे बोली लावतात.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो क्लोजरवर. क्लोजर म्हणजे जिंकत आलेली मॅच शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये सांभाळणारा बॉलर, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर. टीमला बहुतेक वेळा असा एकच असतो, टीमा 30, आणि आम्हा बाराही जणांना तो हवा असतो. त्यात या पिचर लोकांची कोपरं काचेची. लिगामेंट गेलं की टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे वर्षभराहून जास्त सुट्टी. (1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं, पण नाव लागलं पेशंटचं. डॉक्टरवर अन्यायच म्हणायचा.) तर एप्रिलमध्ये एका टीमचा क्लोजर असाच गेला, त्याच्या मागचा पोरगा पुढे आला आणि मी त्याच्यावर 51 लावले. शंभरातले एक्कावन्न, पाच महिने बाकी असताना.

सोमवारी यादी आली. पोरगा मला मिळाला. माझ्या खालची बोली होती 14.

हे फार वाईट असतं हो. हरलो असतो तर झोप लागली असती. 15 मध्ये काम झालं असतं, उरलेले 36 डॉलर मी कोणाशी लढून घालवले, तर माझ्याशीच. आणि तीन आठवड्यांत त्या पोराने दोन-तीन मॅच घालवल्या, टीमने नववी इनिंग दुसऱ्याला दिली. त्याचं नाव घेत नाही, त्याची काय चूक, बोली मी लावली होती. त्यानंतर 11 मे 2024 ला पॉल स्कीन्स नावाचा नवा पिचर पिट्सबर्गच्या टीमकडून पहिल्यांदा उतरला, ताशी 100 मैलाने चेंडू टाकायला लागला, पुढे खऱ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू पण झाला. आमच्या लीगमधल्या एका शांत बाईंनी त्याला एप्रिलमध्येच 3 डॉलरला घेऊन बेंचवर ठेवला होता. तीन!

मोठ्यांचं बरं असतं. खऱ्या बेसबॉलमध्ये पगाराला पक्की मर्यादा नाहीच, ठरलेल्या रकमेच्या वर गेलं की टॅक्स भरायचा एवढंच, आणि ओहतानी या जपानी खेळाडूने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमशी दहा वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला त्यातले 68 कोटी टीमने 2034 पासून द्यायचेत, वर्षाला हातात फक्त 20 लाख. मी आमच्या कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, विचारलं, मला पण 2034 पासून देऊ द्या. नाही म्हणाला.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिला बेसबॉल कळत नाही पण 51 कळलं. तिच्याकडे आहेराची वही आहे, कोणी कोणत्या लग्नात किती दिले, सगळं लिहिलेलं, त्यांच्याकडे कार्य निघालं की वही काढायची आणि मग पाकीट भरायचं. "पुढचे लोक कितीचे आहेत ते आधी बघितलं होतंस का?" म्हणाली.

नव्हतं बघितलं. त्या रात्री बसून दोन वर्षांच्या सगळ्या बोल्या एक्सेलमध्ये उतरवल्या, बारा जणांच्या बारा शीट. खालच्या मजल्यावरचा अकाउंट्सवाला क्लोजरवर आयुष्यात 15 च्या वर गेलेला नाही. एक जण बायकोशी भांडण झालं की 40 च्या वर जातो, हे मात्र एक्सेलमध्ये दिसत नाही, कँटीनमध्ये बसावं लागतं. आणि दोघे तर ऑगस्टमध्ये 70-70 डॉलर घेऊन बसलेले असतात, मग सप्टेंबरमध्ये सरकारी खात्याचा मार्च एंड असल्यासारखे दिसेल त्यावर उडवतात, कारण उरलेला डॉलर पुढच्या वर्षी चालत नाही.

माझ्याकडे आत्ता 7 आहेत. एक कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, हवाय, वहीप्रमाणे त्याच्यावर कोणी 2 च्या वर जाणार नाही. 3 लावलेत. साडेदहा वाजलेत, मोजा हातातच आहे, 4 करू का?