किल्ली पायपुसण्याखाली

गुपितांचे सिनेमे म्हटले की मला आधी मृत्युपत्र, कुलूपबंद खोली, नाहीतर कुणाचा तरी जुना फोटो आठवतो. दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या १९६० सालच्या 'द अपार्टमेंट'मध्ये असला थाट नाही. पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली, बस्स.

न्यूयॉर्कच्या एका अवाढव्य विमा कंपनीत बॅक्स्टर नावाचा कारकून आकडेमोड करतो. महिना ८५ डॉलर भाड्याची त्याची जागा साहेबलोक संध्याकाळी आपल्या लफड्यांसाठी वापरतात आणि बदल्यात बढतीचं गाजर दाखवतात. शेजारच्या डॉक्टरांना वाटतं, हे सगळे याचेच प्रताप. मजा एकाची, बदनामी दुसऱ्याची!

मला सगळ्यांत आवडते ती त्याची सर्दी. एका साहेबाला ऐन रात्री जागा हवी होते, म्हणून हा अंथरुणातून उठून सेंट्रल पार्कच्या बाकावर कुडकुडत बसतो. दुसऱ्या दिवशी नाक पुसत, कॅलेंडर पुढ्यात घेऊन फोनवर फोन: याची वेळ त्याला, त्याची आणखी कुणाला. कशासाठी, तर स्वतःच्याच घरात एक रात्र आडवं होता यावं! माणूस वाईट नाही, भिडस्त आहे. पण नुसता भिडस्त म्हणून सोडून द्यावं, तर बढतीही त्याला हवीच असते. बॅक्स्टर झालेला जॅक लेमन ती हाव लपवत नाही, म्हणून तर तो खरा वाटतो.

बढती मिळाल्यावर नवी हॅट घालून तो ऐटीत येतो. हॅट कशी दिसते हे बघायला लिफ्टवरची फ्रॅन त्याला आपला छोटा आरसा देते. आरशाला तडा गेलेला. हाच आरसा त्याला घरात सापडला होता आणि बड्या साहेबाला, शेल्ड्रेकला, त्याने तो निमूटपणे नेऊन दिला होता. जिच्यावर आपला जीव जडलाय, तिच्यासाठीच आपण किल्ली देत होतो, हे त्याला त्या क्षणी कळतं. वाइल्डर तिथे भाषण देत नाही. दुभंगलेला चेहरा दाखवतो आणि पुढे जातो.

शेवटी शेल्ड्रेक पुन्हा किल्ली मागतो, तेव्हा बॅक्स्टर त्याला साहेबांच्या खास स्वच्छतागृहाची किल्ली देऊन नोकरीच सोडतो. मला आनंद होतो, पण पुरता नाही. शेल्ड्रेकला बायको घराबाहेर काढते खरी. त्याची खुर्ची मात्र जागच्या जागी राहते.