नमस्कार-चमत्कार किती?

"काका, एवढं आदराने लिहिलं आणि हा गडी एका ओळीत वाटेला लावतो?"

पुतण्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून, म्हणजे माल निवडून पॅक होतो तिथून, नेदरलँडच्या एका खरेदीदाराला त्याने मेल टाकली होती. उत्तर आलं, "व्हरायटी? मण्यांचा आकार? कोणता आठवडा?" नमस्कार-चमत्कार काही नाही.

मग त्याची मेल वाचली. विषयाच्या जागी नुसतं 'बिझनेस एन्क्वायरी'. पुढे तब्येतीची विचारपूस, 'आपली नामांकित संस्था', आजोबांनी लावलेली पहिली बाग. थॉमसन जातीची द्राक्षं, 16 मिलिमीटरच्या वरचे मणी, पाचशे ग्रॅमचे पनेट म्हणजे छोटे डबे, हे सगळं पार खाली, सहीच्या डोक्यावर. तेही 'लवकरच' पाठवू म्हणून. बोटीने जाणारा माल, लवकरच म्हणजे कधी हे खरेदीदाराने कुठे शोधायचं?

पोराचंही पूर्ण चुकत नाही. आपल्याकडे थेट कामाचं बोललं की माणूस उर्मट ठरतो. पण ज्याने आपलं तोंडही पाहिलेलं नाही, त्याला सहा स्क्रोल करायला लावणं हा कसला आदर? नावाचं स्पेलिंग मात्र दोनदा बघावं. ते चुकलं की पुढचं कोण वाचतंय!

नवी मेल चार-पाच ओळींत बसली. आजोबांची बाग त्याने तरी शेवटी ठेवलीच, मीही काढ म्हणालो नाही. थंडीत आपले दुपारचे दीड म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ, तेव्हा पाठव म्हटलं.

अनोळखी माणसाला पहिली मेल लिहिताना तुम्ही स्वतःबद्दल किती सांगता?