मला नाही विचारलं

ओट्यावर पॉपकॉर्नचा मोठा प्लास्टिकचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. त्यावर हिरोचं तोंड. मी खाली सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागायला गेले होते. वहिनीला माझी नजर दिसली. “असंच गेलो सिनेमाला ताई, वेळेवर ठरलं. उन्हाचं घरात बसवत नव्हतं.” दादाने पेपर डोळ्यांसमोर धरला. त्यांची चिनू आतल्या खोलीतून आलीच नाही.

सांबार घेऊन वर आले. भाजी झाली, जेवण झालं, आता कूलरसमोर बसून हे लिहून राहिले.

वेळेवर ठरलं म्हणे. तिकीट आता मोबाइलवर निघतं, नकाशावर खुर्च्या निवडून. म्हणजे कोणीतरी तीन खुर्च्यांवर बोट ठेवलं असेल. चौथीवर ठेवलं नाही. एवढंच झालं आहे, आणि मी पन्नाशी उलटलेली बाई त्याचा विचार करत बसले आहे.

मला त्या सिनेमाची हौस अजिबात नव्हती. ट्रेलर आला त्याच दिवशी मी जेवताना सांगितलं होतं की यात स्लो मोशनमध्ये चालण्याशिवाय काही नाही. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायचं तर! नाही म्हणणं आणि नाही म्हणायला न मिळणं, यात फरक आहे की नाही?

वहिनी मागे एकदा बोलली होती. “तुम्ही सिनेमा पाहता ताई, अन् आम्हाला तुमच्याकडे पाहत बसावं लागते.” तेव्हा सगळे हसले, मीही हसले. ते ‘डंकी’चं झालं होतं. डिसेंबर २०२३. दिग्दर्शक राजकुमार हिरानी म्हणजे आपल्या नागपूरचा माणूस, त्यामुळे घरच्या लग्नाला जावं तसे सगळे तयार होऊन गेलो होतो. आणि मग ते इंग्रजीच्या क्लासचे विनोद. ज्या पोराच्या इंग्रजीवर आत्ता खो खो हसवलं, तोच अंगाला आग लावून घेतो, आणि आता रडा म्हणतात. अरे, हसू अजून तोंडावरून उतरलं नाही. मी मोठ्याने ‘अरे देवा’ म्हटलं असेन. पुढच्या रांगेतले वळले, तेवढं वळायचं काही कारण नव्हतं.

माझं दुःख असं की याच माणसाने २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ केला. पेन्शनसाठी लाच मागणाऱ्या बाबूच्या टेबलापुढे तो म्हातारा मास्तर अंगावरचा एकेक कपडा काढून ठेवतो, तो प्रसंग. हसताही येतं आणि गळाही दाटतो, आणि दोन्हीपैकी कशाचीही घाई नाही. तो मास्तर एकदाही भाषण देत नाही. मग ‘संजू’ आला आणि शेवटी वर्तमानपत्रांना टोमणे मारणारं गाणं. म्हणजे सगळं पाप छापणाऱ्यांचं! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकलेला माणूस. कुठे कापायचं हे त्याला मी सांगायचं का? तरी सांगितलं, पार्किंगपासून थेट व्हेरायटी चौकापर्यंत. दादा निमूट गाडी चालवत होता. चिनूने कानात इअरफोन घातले.

वाईटाला वाईट म्हटलेलं लोकांना चालत नाही असं मी समजत होते. आज बसल्या बसल्या आठवलं, सिनेमा आवडला तर मी आणखी बोलते.

‘कोर्ट’ लागला होता २०१५ मध्ये. सकाळचा शो, हॉल जवळजवळ रिकामा. गटारात उतरलेल्या कामगाराला म्हणे शाहिराच्या गाण्याने आत्महत्या करायला लावली, म्हणून त्या म्हाताऱ्या शाहिरावर खटला. तारखा पडत राहतात. कॅमेरा कोपऱ्यातल्या पट्टेवाल्यासारखा एका जागी उभा. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, लोक निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळा. आमच्या रांगेतले उठले, चपला शोधायला लागले. दादाही उठला. मी त्याचा शर्ट ओढून खाली बसवलं, कारण मला माहीत होतं की चैतन्य ताम्हाणे असा सोडणार नाही. (माहीत काय असणार, त्याचा पहिलाच सिनेमा होता तो. वाटलं.) आणि पडदा उजळला तर तेच न्यायाधीश सहलीला गेलेले, बागेत बाकावर डुलक्या घेताहेत. पोरं येऊन ओरडतात, दचकून जाग येते, एकाला थप्पड बसते, आणि साहेब परत झोपतात. संपला सिनेमा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वहिनी म्हणाली, “काही झालंच नाही.” मी म्हटलं, “हेच तर!” आणि मग घरी जेवण होईपर्यंत मी तेच समजावून सांगत होते.

तो शाहीर म्हणजे वीरा साथीदार, आपल्या नागपूरचे. चळवळीतला माणूस, नट नव्हेच. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्याच महिन्यात आपल्याकडेही. असो.

‘झुंड’चंही तसंच. मार्च २०२२. हिस्लॉप कॉलेजच्या बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरची गोष्ट. शूटिंगही इथलंच, त्यामुळे अर्धा हॉल ओळखीच्या गल्ल्या शोधून राहिला होता. मध्यंतरापर्यंत सगळे खूश. कॉलेजच्या पोरांशी सामना, शिट्ट्या, आरडाओरडा. नंतर चुळबुळ सुरू. लांबला म्हणे. अहो, तीन तासांचा सिनेमा तीन तासच चालणार! ज्यांच्याकडे धड कागद नाहीत त्यांचे परदेशी खेळायला जायचे पासपोर्ट निघायला वेळ लागतो तो नागराज मंजुळे दाखवतो, तर तुम्ही घड्याळ बघता. सामना जिंकून सगळे घरी गेले असते तर तो सिनेमा मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या फोटोपुढे अमिताभ बच्चन उभा. हिंदी पडद्यावर हे दिसायला किती वर्षं लागली, हे दीक्षाभूमीच्या गावात मी सांगायला नको. पण सांगितलंच. तेव्हाही वहिनी काही बोलली नव्हती, फक्त जिन्यात माझ्यापुढे निघून गेली.

म्हणजे आवडला तरी मी, नाही आवडला तरी मीच. मग तीनच खुर्च्या काढल्या तर काय नवल. पण तरीही विचारायचं तर.

रात्री चिनू वर आली. हातात आंब्याची वाटी, वहिनीने दिलेली.

“आत्या, रागावलीस?”

“नाही.”

“बोगस होता सिनेमा. तू म्हणालीस तस्साच.”

मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

“पण मज्जा आली गं,” ती म्हणाली. “तू असतीस तर इंटरव्हललाच कळलं असतं की बोगस आहे. आम्हाला घरी आल्यावर कळलं.”

यावर काय बोलायचं? मी आंबा खाल्ला. या पोरीचं म्हणणं उलटंपालटं करून पाहिलं, त्यात कुठे अपमान सापडेना. कौतुकही धड सापडेना. वाईट सिनेमातही तीन तास खूश राहायचं हे जमतं लोकांना. आईला जमायचं. तिला सगळेच सिनेमे आवडायचे, हिरो-हिरोइनचं लग्न लागलं की झालं.

मग मीच म्हटलं, सांग गोष्ट. चिनू पलंगावर मांडी घालून सांगायला लागली, अगदी ॲक्शनसकट. मध्यंतर झाल्याबरोबर मी तिला शेवट सांगून टाकला. भाऊच गद्दार निघणार. तिने उशी फेकून मारली. बरोबर निघाला होता. तिथून पुढे न पाहिलेल्या सिनेमाची चिरफाड करायला जी मजा आली, ती पाहून आली नसती, आणि तिकिटाचे पैसे वाचले ते वेगळेच. दादाने खालून आवाज दिला, की झोपा आता, पोरीला सकाळी क्लास आहे.

शुक्रवारी एक मराठी लागतोय. सकाळच्या शोला मी एकटीच जाईन, तिकीटही स्वस्त पडतं. कोणाला विचारणार नाही. वाईट निघाला तर परतताना बोलायला कोणी नाही, एवढीच पंचाईत. मेट्रोत तर सगळेच कानात घालून बसलेले असतात.